कोर्ट उठेपर्यंत

साल दोन हजार एक. मी चोपन्न वर्षांचा होतो आणि शिवाजीनगरच्या कोर्टात वकिलाचा कारकून म्हणून मला एकतीस वर्षं झाली होती. शिक्षण चौथी. पाचवीत दोन महिने गेलो होतो, ते धरायचे असतील तर धरा.

संपादक म्हणाले, "तुमचे अनुभव लिहा, वाचकांना फौजदारी खटल्याची थोडी माहितीही होईल. फक्त कडवटपणा नको." कारल्याची भाजी करा पण कडू नको, असं सांगण्यापैकी हे. जमेल तसं लिहितो. शुद्धलेखन त्यांनी बघावं, त्यांना त्याचा पगार आहे.

कारकून म्हणजे वकिलाची पिशवी धरणारा, असं लोकांना वाटतं. धरतो, खोटं कशाला बोलू. पण पिशवीत काय आहे हे वकिलाला माहीत नसतं, ते कारकुनाला असतं. अर्ज लिहिणं, त्यावर कोर्ट फीचं तिकीट लावणं, सकाळी बोर्डावरची केसेसची यादी बघून कोणत्या कोर्टात आपला पुकारा कधी होईल याचा अंदाज बांधणं, जामीनदाराला कागदासकट वेळेवर हजर करणं, नकला काढणं, ही सगळी माझी कामं. आमच्या साहेबांचं ऑफिस नारायण पेठेत. साहेब हुशार, इंग्रजी झकास, पण कोणती तारीख कोणत्या केसची हे मला विचारल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नसे. मी आजारी पडलो की साहेब सुट्टी घेत. एवढ्यावरून काय ते समजा.

माझ्या नोकरीची पहिली वीस वर्षं आरोपी साधे होते. कोणी भावाच्या डोक्यात काठी घातली, कोणी शेजाऱ्याची कोंबडी पळवली. आपण काय केलं हे त्यांना ठाऊक असायचं. मग बाजार मोकळा झाला, गावात पैसा आला, आणि आमच्या ऑफिसात इस्त्रीचे आरोपी यायला लागले. एक गृहस्थ होते, गुंतवणुकीची कंपनी काढून शे-दीडशे लोकांना बुडवलेले. साहेबांना म्हणाले, "यातलं सगळ्यात किफायतशीर कलम कोणतं ते लावून घेऊ." भाजी मंडईत आल्यासारखे. दुसरा एक तरुण सायबर कॅफेतून कागदांचा गठ्ठा छापून घेऊन आला आणि मलाच शिकवायला लागला. "काका, कॅलिफोर्नियात या गुन्ह्याला फक्त समज देऊन सोडतात."

"मग तिकडेच करायचा होता," मी म्हटलं.

तो पुन्हा आला नाही. साहेब चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझी जीभ तशीच आहे. तिचा मला अभिमान होता. 'होता' असं लिहिलंय, ते नीट वाचा.

आता ज्यांच्या घरात अजून पोलीस आलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अटक झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला नाही. पेपरात फोटो आला म्हणजे तर नाहीच नाही. पोलीस जे दोषारोपपत्र देतात ती त्यांची बाजू असते, निकाल नसतो. काही गुन्ह्यांत जामीन हा आरोपीचा हक्क असतो, काहींत तो न्यायाधीशाच्या मर्जीवर असतो, तेव्हा वकील लागतो. पुढे, पोलिसांच्या कागदांतच काही दम नसेल तर खटला सुरू व्हायच्या आधी दोषमुक्तीचा अर्ज करता येतो, पण तिथे कागद फक्त पोलिसांचेच बघतात, आपले चालत नाहीत. तिथे जमलं नाही तर खटला लढायचा, साक्षीदारांचा उलटतपास घ्यायचा. आणि शेवटची वाट म्हणजे गुन्हा कबूल करायचा.

यात एक गोष्ट अशी आहे की ती शिकलेल्यांनाही कळत नाही. पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीला कोर्टात किंमत नाही. ती पोलिसांनी कशी मिळवली असेल हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं. पण न्यायाधीशासमोर उभं राहून, कोणी हात न लावता, आपल्या तोंडाने 'कबूल' म्हटलं की सगळं संपलं. त्यानंतर साक्ष नाही, पुरावा नाही, आणि शिक्षा किती एवढं सोडून अपीलसुद्धा नाही. माणसं नेमकी उलटी वागतात. कोठडीत छातीठोकपणे 'मी नाही केलं' म्हणतात आणि पंख्याखाली, स्वच्छ कोर्टात, 'हो साहेब' म्हणून मोकळी होतात.

योगेशचं तेच झालं. आणि ते माझ्यामुळे झालं.

योगेश धायरीचा. वय तेवीस. कॉम्प्युटरच्या हार्डवेअरचा कोर्स केलेला. कर्वे रस्त्याकडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मशीन दुरुस्त करायला होता. बाप पोपटराव, गवंडी. धायरी गाव होती तेव्हापासून ती शहर होईपर्यंत निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. तो पहिल्यांदा ऑफिसात आला तेव्हा खुर्चीवर बसेना. कपड्यांना सिमेंट होतं.

"आमचं पोरगं चोर न्हाय, मारुतराव," तो म्हणाला. साहेबांकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. "तुमी लिवून घ्या."

"असं लिहून घेत नसतात," मी म्हटलं.

झालं होतं असं. कंपनीतल्या मशीनमधून मेमरीच्या पट्ट्या नाहीशा होत होत्या. बोटभर लांबीची हिरवी पट्टी, पण तेव्हा तिला सोन्याचा भाव. एका मंगळवारी मॅनेजरने योगेशची बॅग उघडली, तीत चार पट्ट्या निघाल्या. योगेशचं म्हणणं, तो घरगुती गिऱ्हाइकांची मशीनही जुळवून द्यायचा, त्यासाठी त्या बुधवार पेठेतून जुन्या विकत घेतलेल्या. पावती? बुधवारात जुन्या मालाची पावती मागणाऱ्याला पाणीसुद्धा देत नाहीत. मॅनेजरने पोलीस बोलावले. मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची नोकराने केलेली चोरी, म्हणजे सात वर्षांपर्यंत शिक्षा, जामीन मर्जीचा. प्रकरण मिटवायला साहेब कंपनीत गेले होते. तिथल्या बाईंनी 'कंपनीची पॉलिसी नाही' एवढं सांगून काचेचं दार लावून घेतलं. पूर्वी मालक शिव्या देऊन दार लावायचे. सुधारणा म्हणायची.

मी आरोपीला कधी विचारत नाही, केलंस का. तो आमचा नियम आहे. पण योगेश तीन दिवस पोलीस कोठडीत होता आणि बाहेर आला तेव्हा खुर्चीच्या कडेवर, एका अंगावर बसत होता. तिथे त्याने कबुली दिली नव्हती. एवढं माझ्या नजरेत भरलं.

चुलत्याच्या घराच्या उताऱ्यावर जामीन झाला. दोन महिन्यांनी दोषारोपपत्र आलं. ते साहेबांच्या आधी मी वाचतो. पोलिसांचं मराठी मला चांगलं येतं, कारण त्यांचीही चौथीच असते असं ते वाचून वाटतं. त्यात जप्तीचा पंचनामा होता. पंचनामा म्हणजे पोलिसांनी माल कुठे, कधी, कसा धरला याचा कागद, आणि दोन तटस्थ माणसांनी, पंचांनी, तो समोर पाहून केलेली सही. तटस्थ हा शब्द कायद्यातला आहे. व्यवहारात पोलीस चौकीच्या शेजारी ज्याचा धंदा असतो तो तटस्थ.

या पंचनाम्यावर पहिली सही होती दत्तूची. दत्तूची चौकीला लागून उसाच्या रसाची गाडी. त्याच्या घुंगरांच्या आवाजावर चौकीतले लोक जागे राहत. दारू पकडली, पंच दत्तू. जुगार पकडला, पंच दत्तू. पुण्यात इतके गुन्हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला दुसरा माणूस नसेल. गाडी फूटपाथवर होती, ती हलू नये म्हणून बिचारा एवढं बघायचा.

पंचनाम्याची वेळ लिहिली होती दुपारी बारा ते एक. जागा, कंपनीचं ऑफिस. वार मंगळवार. मी तो कागद खाली ठेवला आणि माझी डायरी काढली.

त्या मंगळवारी बारा ते एक दत्तू कर्वे रस्त्याला नव्हता. तो शिवाजीनगरच्या कोर्टात पिंजऱ्यात उभा होता आणि आमचेच साहेब त्याचा उलटतपास घेत होते, एका जुगाराच्या केसमध्ये. मी मागच्या बाकावर होतो. दत्तू घामाघूम झाला होता. साडेअकराला साक्ष सुरू झाली आणि दोन वाजता जेवणाच्या सुट्टीला थांबली. त्या कोर्टाचे न्यायाधीश काटेकोर, साक्ष कधी सुरू झाली आणि कधी थांबली याची वेळ लिहून घेणारे. बहुतेक जण घेत नाहीत. त्यांनी घेतली होती.

म्हणजे पोलिसांनी पंचनामा नेहमीसारखा चौकीत बसून लिहिला होता आणि संध्याकाळी रस पिता पिता दत्तूची सही घेतली होती. इतक्या वर्षांत दत्तूचा एकही पंचनामा कोणी ताडून पाहिला नव्हता, कारण ताडायला तारखा डोक्यात लागतात. वकिलांच्या डोक्यात कलमं असतात.

नक्कल विभागात मी अर्ज टाकला. दत्तूच्या त्या साक्षीची सही-शिक्क्याची नक्कल अकरा दिवसांनी हातात आली. गोल शिक्का, तारीख, वेळ, दत्तूचं नाव, बापाचं नाव, धंदा रसवंती. मी ती घडी करून पिशवीच्या आतल्या खणात ठेवली.

आणि कोणाला सांगितली नाही.

हे का, ते बाहेरच्या माणसाला पटायचं नाही, म्हणून समजावून सांगतो. बचावाचा कागद आधी दाखवायचा नसतो. सरकारी पक्षाला वास लागला की ते पंच बदलतात, वेळेची चूक 'नजरचुकीने' झाली म्हणून पुरवणी जबाब जोडतात. तो कागद साक्षीदार पिंजऱ्यात अडकला की मगच बाहेर काढायचा. त्याच्या सहा-सात वर्षं आधी मी एका मारामारीच्या केसमध्ये असंच शोधून काढलं होतं, जखमेचा दाखला लिहिणारा डॉक्टर त्या दिवशी रजेवर होता. मी साहेबांना सांगितलं. साहेबांनी वकिलांच्या खोलीत साबुदाण्याची खिचडी खाताना ते चार जणांना ऐकवलं, माझं नाव न घेता. पुढच्या तारखेला सरकारी वकिलाने दुसरा डॉक्टर उभा केला. आमच्या आरोपीला दोन वर्षं. तेव्हापासून मी ठरवलं होतं, असं काही मिळालं तर साहेबांनासुद्धा उलटतपासाच्या सकाळीच द्यायचं.

ठरवलं ते ठरवलं. माझ्या बायकोला विचारा.

मधल्या काळात योगेश दर दोन-तीन दिवसांनी ऑफिसात यायचा. त्याला हिंजवडीच्या एका नव्या कंपनीचं पत्र आलं होतं. महिन्याच्या आत रुजू व्हायचं होतं. त्यांच्या फॉर्मवर एक रकाना होता, तुमच्यावर फौजदारी खटला चालू आहे का. त्या रकान्याने त्याची झोप उडाली होती.

"काका, केस किती टाइम चालेल?"

"चार वर्षं. पाचही."

"बाप रे. जिंकायचा चान्स किती?"

"बघू."

"बघू काय काका, काहीतरी परसेंट सांगा ना. मेंटली प्रिपेअर होता येईल."

"टक्के बँकेत मिळतात. इथे तारखा मिळतात."

ऑफिसात बसलेले दोघे-तिघे हसले. मलाही बरं वाटलं. योगेश हसला नाही. त्याने विचारलं, "तो पंच, रसवाला, तो कोर्टात खरं बोलेल का?"

"दत्तू? तो पोलिसांच्या घरचाच. तो फिरायचा नाही." 

हे मी म्हटलं. कागद माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता आणि मी हे म्हटलं. मला वाटलं, पोराने तोंड उघडलं तर धायरीभर होईल. मला हेही वाटलं, आणि हे लिहायला वेळ लागला, की ज्या दिवशी दत्तू पिंजऱ्यात पांढरा पडेल त्या दिवशी सगळ्यांना कळेल कागद कोणी काढला. तो दिवस मला अख्खा हवा होता. आधी थोडा थोडा वाटून संपवायचा नव्हता.

आरोप ठेवायची तारीख आली. त्या दिवशी न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि विचारतात, कबूल आहे का. आरोपीने 'कबूल नाही' म्हणायचं, पुढची तारीख घ्यायची, घरी जायचं. मिनिटाचं काम. त्याला वकील नसला तरी चालतं असा आमच्याकडचा रिवाज, आणि असे रिवाज आम्हीच पाडतो. साहेब त्याच आवारात सेशन कोर्टात दुसऱ्या कामात होते. मी योगेशला सकाळी सांगितलं होतं, "विचारतील. 'कबूल नाही' म्हणायचं. बाकी काही बोलायचं नाही."

"पण का काका? काही उपयोग आहे का?"

"सांगितलं तेवढं कर."

कोर्टाच्या दाराशी एक हवालदार असतो. वॉरंटं, समन्स, आरोपी आणणं-नेणं हे त्याचं काम. आरोपींना फुकट सल्ला देणं हा जोडधंदा. मी बोर्ड बघायला गेलो तेवढ्यात त्याने योगेशला गाठलं असणार. योगेशने नंतर सांगितलं, हवालदार म्हणाला, "पहिलाच गुन्हा ना? कबूल हो. आतले साहेब मऊ आहेत. कोर्ट उठेपर्यंत बसायचं, दंड भरायचा, संध्याकाळी घरी. पाच वर्षं चपला झिजवण्यापेक्षा बरं."

त्यात खोटं काही नव्हतं. त्याने सांगितलं तसंच्या तसंच झालं. मी काहीच सांगितलं नव्हतं, त्याने निदान खरं सांगितलं.

पुकारा झाला. योगेश पुढे गेला. मी मागे, कठड्याच्या अलीकडे. न्यायाधीशांनी आरोप वाचला. कंपनीत नोकर असताना, मालकाच्या ताब्यातल्या चार मेमरी पट्ट्या, अप्रामाणिकपणे. मग विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"हो साहेब. कबूल आहे."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. "तुमचे वकील कुठे आहेत?"

"दुसऱ्या कोर्टात आहेत साहेब. पण मला मिटवायचंय."

"कबुली दिलीत तर शिक्षा होईल. कोणाच्या दबावाखाली सांगताय का? विचार करायला वेळ हवा आहे का?"

"नको साहेब. दबाव नाही."

मी उठलो. "साहेब, एक मिनिट," मी म्हटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज कोर्टात निघाला. तो किती घोगरा आहे हे मला तेव्हा कळलं.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण वकील आहात?"

"नाही साहेब. कारकून."

"मग आपण बसा."

पट्टेवाला माझ्याकडे बघून हातानेच खाली बस म्हणाला. मी बसलो नाही, बाहेर पळालो. सेशन कोर्ट दुसऱ्या इमारतीत, मधे जिना, वकिलांच्या मोटारसायकली, पक्षकारांची गर्दी. साहेब उलटतपासात उभे होते. मी त्यांच्या काळ्या कोटाची बाही ओढली, हेही पहिल्यांदाच. त्यांना न्यायाधीशांची परवानगी काढून निघायला दहा मिनिटं लागली. आम्ही पोचलो तेव्हा शिक्षा लिहून झाली होती. वय, पहिला गुन्हा आणि दिलेली कबुली लक्षात घेऊन कोर्ट उठेपर्यंत साधी कैद आणि दंड. साहेबांनी अर्ज करून पाहिला. न्यायाधीश म्हणाले, "मी तीनदा विचारलं, वकीलसाहेब. रोजनाम्यात नोंद आहे."

साहेब बाहेर येऊन मला म्हणाले, "मारुतराव, त्याला समजावून ठेवायचं काम तुमचं होतं." आणि सेशनला परत गेले. बरोबर बोलले. आयुष्यात माझ्याबद्दल ते दोन-तीनदाच बरोबर बोलले, त्यातलं हे एक.

कोर्ट उठेपर्यंत कैद म्हणजे काय, तर आरोपीने कोर्टाच्या बाकावर बसून राहायचं. न्यायाधीश संध्याकाळी खुर्चीवरून उठले की शिक्षा संपली. बेडी नाही, कोठडी नाही. चहा आणला तर पिता येतो. त्यामुळे लोकांना ती शिक्षा वाटतच नाही. योगेश मागच्या बाकावर बसला होता, मोबाईल बंद करून, शर्टाची बटणं नीट लावून. मी शेजारी बसलो.

तो हळू आवाजात म्हणाला, "सॉरी काका, तुमचं ऐकलं नाही. पण फायनली सुटलो यार. आता फॉर्मवर 'केस चालू नाही' असं लिहिता येईल. मंडेला जॉइन होतो."

"सुटला नाहीस," मी म्हटलं. "शिक्षा झालीय तुला."

"हो, पण ही अशी. बसायची."

"बसायची असो नाहीतर फाशीची असो, कागदावर शब्द एकच असतो. दोषी. केस चालू होती तोवर तू आरोपी होतास. आरोपी कोणीही असू शकतो, मंत्री असतात. आता तू चोर आहेस. पासपोर्टला, नोकरीला, पोलिसांच्या दाखल्याला, सगळीकडे. त्याच फॉर्मवर खाली दुसरा रकाना असेल, तो वाचलास का? शिक्षा झाली आहे का म्हणून?"

त्याने बहुतेक वाचला होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. समोर एका रिक्षावाल्याची साक्ष चालली होती. तो न्यायाधीशांना मीटरचं काहीतरी समजावत होता, कोर्टात हशा पिकला.

"पण काका, हरणारच होतो ना आपण?" योगेश म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, पंच फिरायचा नाही. आपल्याकडे काही असतं तर तुम्ही सांगितलं असतंत ना?"

पिशवी मांडीवर होती. तिच्या आतल्या खणाला मी हात लावला आणि काढून घेतला. तेव्हा सांगितलं असतं तरी त्याचं काही पुसलं जाणार नव्हतं, अशी मी मनात सबब तयार केली. सबबी तयार करणं हा आमचा धंदाच. कोर्ट सहाच्या सुमाराला उठलं. योगेश उठला, मला वाकून नमस्कार केला आणि गेला.

पुढचं थोडक्यात सांगतो, म्हणजे कोणी पत्र लिहून विचारणार नाही. साहेबांनी सेशन कोर्टात फेरतपासणीचा अर्ज केला. नक्कल जोडली. तिथे म्हणाले, साक्षीपुरावा झालेलाच नाही, तर पंच खोटा की खरा हे बघायचं कशाच्या आधारावर? आरोपीने स्वतः, समज दिल्यावर, कबुली दिली आहे. अर्ज नामंजूर. कायद्याने ते बरोबर होतं. कायद्याने सगळं नेहमी बरोबरच असतं. हिंजवडीच्या कंपनीच्या फॉर्मवर योगेशने दुसऱ्या रकान्यात 'होय' लिहिलं. खोटं लिहायला सांगणारे त्याला पुष्कळ भेटले. कंपनीने पत्र मागे घेतलं. आता तो बुधवार पेठेत दुसऱ्याच्या दुकानात मशीन दुरुस्त करतो. तिशी-पस्तिशीतच केस पांढरे झाले. दत्तूला कोणी काही विचारलं नाही. तो पुढची कितीतरी वर्षं सह्या करत राहिला. मी तिथून गेलो की हाक मारायचा, "या काका, आलं-लिंबू घालून देतो." मी एकदाही घेतला नाही. याने त्याचं काय बिघडलं? काही नाही.

ज्यांच्या घरावर ही वेळ येईल त्यांना माझं एवढंच सांगणं. वकिलाला आणि त्याच्या कारकुनाला दटावून विचारा, आपल्या हातात काय आहे. 'बघू' म्हणाला तर खुर्ची सोडू नका. आणि न्यायाधीशासमोर 'कबूल' हा शब्द उच्चारायच्या आधी तो कायमचा आहे हे कोणाकडून तरी ऐकून घ्या. हवालदाराकडून नको. माझ्यासारख्या शहाण्याकडूनही नको.

हे सगळं पुढे झालं. त्या संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा नकलेबद्दल या जगात फक्त मला ठाऊक होतं. नक्कल विभागातल्या माणसाने रोज शंभर नकला दिलेल्या, त्याला कसली आठवण? ती बंबात घातली असती तर माझी एकतीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती. बायकोने विचारलं, जेवत का नाही. मी म्हटलं, भूक नाही. हेही पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टात गेलो नाही. पहिल्या बसने धायरीला गेलो. पोपटराव कामावर निघायच्या बेतात होता, थापी आणि ओळंबा पिशवीत घालत होता. योगेश आतून बाहेर आला. मी घडी उलगडून कागद पोपटरावच्या हातात दिला आणि म्हटलं, "पंच त्या वेळी कोर्टात होता, कंपनीत नव्हता, याचा हा पुरावा. सतरा दिवस माझ्याकडे होता. तुम्हाला सांगितला नाही. साहेबांनाही नाही. दाखवला असता तर तुमच्या पोराने काल कबूल म्हटलं नसतं."

पोपटरावला वाचता येत नव्हतं. त्याने शिक्का उलटसुलट करून बघितला, कागद योगेशकडे दिला आणि म्हणाला, "मोठ्यानं वाच."

योगेश वाचायला लागला. दत्तूचं नाव, बापाचं नाव, धंदा, वार, साक्ष सुरू झाल्याची वेळ, एकेक प्रश्न, एकेक उत्तर. पाच पानं होती. मला कोणी बस म्हणालं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत मी अंगणात उभा राहून ऐकलं.